द्रव नायट्रोजनमध्ये पोलाद हिशोबापेक्षा कमी का आकसलं?

ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगच्या भोकात घट्ट बसवायचा 80 मिमी व्यासाचा ईएन-8 (मध्यम कार्बनचं पोलाद) बुश, म्हणजे नळीसारखा भाग, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर 0.21 मिमी आकसायला हवा होता आणि भरला जेमतेम 0.15, म्हणून तुम्ही मायक्रोमीटरवर संशय घेताय. मायक्रोमीटर बरोबर आहे. दर अंशाला दशलक्षांत 12 हा प्रसरणांक खोलीच्या तापमानाचा. तोच तुम्ही उणे 196 पर्यंत ताणलात.

धातूतले अणू जागच्या जागी थरथरत असतात. जवळ सरकायला त्यांना विरोध जास्त, लांब जायला कमी, त्यामुळे थरथर वाढली की सरासरी अंतर वाढतं. गार करताना उलट. पण तापमान फार खाली गेलं की धातूची विशिष्ट उष्णताच (एक अंश बदलायला लागणारी उष्णता) घटत जाते. एक अंश उतरताना थरथर पूर्वीइतकी कमी होत नाही, म्हणून आकसणंही मंदावतं. निरपेक्ष शून्यापाशी प्रसरणांक जवळपास शून्य होतो. म्हणूनच महागडा द्रव हेलियम वापरलात तरी पोलाद 0.19 टक्क्यांवरून फार तर 0.20 वर जाईल.

तेव्हा गुणाकार सोडा, एकूण आकसणं धरा. 20 अंशांपासून उणे 196 पर्यंत पोलाद 0.19 टक्के, 304 स्टेनलेस 0.28, तांबं 0.30, पितळ 0.35, ॲल्युमिनियम 0.39. इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू मात्र 0.05 च्याही आत.

ड्राय आइसने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) भागेल का? उणे 78 ला तुमचा बुश 0.08 मिमीच आकसेल, आणि इंटरफिअरन्सही (बुश भोकापेक्षा जितका मोठा तो फरक) तेवढाच आहे, म्हणजे हातात क्लिअरन्स, मोकळी जागा, शून्य. पण हाऊसिंग ॲल्युमिनियमचं आहे ना? ते 100 अंशांपर्यंत तापवा, बोअर (त्याचं भोक) 0.14 मिमीच्या पुढे उघडेल. ड्राय आइस आणि तापवणं दोन्ही मिळून काम आरामात होतं. मी तरी नायट्रोजनच्या वाटेला जाणार नाही.

गेलातच तर उकळी थांबेपर्यंत बुश आत ठेवा, बाहेर काढल्यावर दंव धरायच्या आत बसवा आणि हातोडा मारू नका. उणे 196 ला ईएन-8 ठिसूळ होतं. ॲल्युमिनियम, तांबं, 304 तसं होत नाही. गावोगावी कृत्रिम रेतनाचे नायट्रोजन कॅन ॲल्युमिनियमचे असतात ते उगाच नाही. बेअरिंगची रिंग असेल तर आणखी जपा: तिच्यातलं उरलेलं ऑस्टेनाइट (पोलादाची एक स्फटिकरचना) गारठ्यात मार्टेन्साइट या जास्त जागा घेणाऱ्या रचनेत बदलतं, आणि खोलीत परतल्यावर रिंग मूळ मापापेक्षा किंचित मोठी भरू शकते.

खिडक्या उघड्या ठेवा. नायट्रोजन बंद खोलीतला ऑक्सिजन हटवतो आणि वासही येत नाही.