रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना पैसे द्यावेत, कपडे द्यावेत, की संस्थेला कळवून त्यांना उचलून न्यायला लावावं?

प्रश्नातलं 'उचलून न्यायला' वाचलं आणि राहवलं नाही.

नऊ वर्षं मी रात्रीच्या वेळी रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम केलं. पैशांचं आधी सांगून टाकते: देऊ नका. पोराच्या हातात पैसा टिकत नाही. रात्री मोठी पोरं काढून घेतात, म्हणून तो अंधार पडायच्या आत उडवावाच लागतो. नव्या बुटांचंही तेच. बुटांपायी मार खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत.

आता उचलण्याबद्दल. एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता, दर आठवड्याला नवं नाव सांगायचा. भर दुपारी रस्त्याच्या कडेला झोपायचा, कारण रात्री डोळा लागणं धोक्याचं. येणारेजाणारे त्याला आळशी म्हणायचे. आम्ही खायला दिलं की हा अर्धंच खायचा. उरलेलं प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा, दोन गाठी मारायचा आणि शर्टाच्या आत पोटाशी धरायचा. मला वाटायचं, उद्यासाठी ठेवतोय. चार महिने ती पिशवी मी पाहत होते.

आमच्या गटात एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते. त्यांचं म्हणणं, विचारत बसलात तर मूल नाहीच म्हणणार; आधी उचला, मग समजवा. एका रात्री दोन वाजता गाडी आली. त्याला झोपेतच धरलं. एक हात माझाही होता. तो माझ्या मनगटाला कडकडून चावला. गाडीचं दार लागेपर्यंत एकच शब्द ओरडत होता. ते कुणाचं तरी नाव आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

ते त्याच्या बहिणीचं नाव होतं. सहा वर्षांची पोर, पुलाखाली एका म्हातारीजवळ राहायची. पिशवी तिच्यासाठी असायची. अकराव्या दिवशी तो निवाऱ्याची भिंत चढून पळाला, तोवर म्हातारी दुसरीकडे गेली होती आणि पोरीचा पत्ता नव्हता. आणखी सहा दिवस शोधलं तेव्हा ती सापडली, तापाने फणफणलेली. वाचली. तो मात्र माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

बैठकीत ते कार्यकर्ते म्हणाले, हा अपवाद. मी तेव्हा गप्प बसले. अपवाद नव्हता. रस्त्यावरच्या बहुतेक मुलांचं कुणी ना कुणी असतं: भावंडं, आई, सोबतची टोळी. बरीच तर दिवसभर काम करून रात्री घरच्यांकडे जातात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ साली याच मुलांसाठी मार्गदर्शक टिपण काढलं. त्याआधी ३२ देशांतल्या ३२७ मुलांना आणि तरुणांना विचारलं होतं. पोलिसी खाक्याने हुसकावणं आणि दया म्हणून 'सोडवणं', दोन्हींत मुलाला स्वतःचे हक्क असलेली व्यक्ती मानलंच जात नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आणि मुलाचं मत विचारात घ्यायचं हे तर १९८९च्या बालहक्क करारातच आहे, बाराव्या कलमात. म्हणजे हा काही माझा हळवेपणा नाही.

तुम्ही काय करायचं? रोज ठरलेल्या वेळी जा. खाली बसून बोला. आधी स्वतःचं नाव सांगा. फोटो काढू नका. 'तुझ्याबरोबर कोण असतं?' हे विचारा, पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. पैसा द्यायचाच असेल तर अंघोळ, मलमपट्टी, सामान ठेवायला कपाट आणि रात्री झोपायला जागा देणाऱ्या केंद्राला द्या, ज्याचं दार आतूनही उघडतं. जन्मदाखला मिळवून देणारी माणसं तिथे आहेत का, तेही बघा, कागदाशिवाय शाळा आणि दवाखाना दोन्ही अनेकदा अडतात.

मूल सोल्यूशन (पंक्चर चिकटवायचा डिंक) हुंगत असेल तर हिसकावू नका, मागे धावू नका. त्यातल्या टोल्युइन या रसायनामुळे भूक आणि थंडी जाणवत नाही, म्हणून ते ओढतात. पण त्या अवस्थेत एकदम दचकलं किंवा पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून मूल जागीच दगावू शकतं.

हो, आणि हे आधीच लिहायला हवं होतं: मूल अगदी लहान असेल, जखमी असेल, कुणी मोठं माणूस त्याच्यावर नजर ठेवून असेल, किंवा ते नुकतंच आलेलं दिसत असेल (कपडे स्वच्छ, पाठीवर दप्तर, प्रत्येक चेहऱ्याकडे बघतंय), तर ओळख वाढवत बसू नका. त्याच मिनिटाला मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा आणि माणूस येईपर्यंत वर्दळीच्या जागी त्याच्याजवळ थांबा. स्वतःच्या घरी नेऊ नका. इथे त्या कार्यकर्त्यांचं बरोबर होतं, घाई करावीच लागते.

ते अजूनही म्हणतात, त्या रात्री उचललं नसतं तर पोरगा थंडीत दगावला असता. असेलही. पण दोघांनाही नेता आलं असतं. चार महिन्यांत मी एकदा तरी विचारायला हवं होतं, पिशवी कुणासाठी बांधतोस.