डॉक्टरकाकांना कसं सांगू?

"डॉक्टरकाका बाबांचे मित्र आहेत. त्यांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत घरी कळणार." बावीस वर्षांचा मुलगा बसता बसताच मला म्हणाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीन आठवडे शौचाला दुखत होतं, चिकट स्राव आणि थोडं रक्त जात होतं. काकांना त्यानं 'मूळव्याध असेल' एवढंच सांगितलं. मलम आणि इसबगोल मिळालं, दुखणं तसंच राहिलं. मग त्यानं परस्पर लघवी तपासून घेतली. रिपोर्ट नॉर्मल.

फसगत झाली ती इथेच. गनोरिया किंवा क्लॅमिडिया हे लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग गुदाशयात असतील तर लघवीत दिसेलच असं नाही. स्वॅब (कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना) तिथूनच घ्यावा लागतो, मुखमैथुन असेल तर घशातूनही. सगळीकडे ही सोय नसते, पण संबंध कसा आणि शेवटचा कधी हे कळलं तर डॉक्टर लक्षणांवरूनही नेमक्या गोळ्या देऊ शकतात. 'मी गे आहे' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हते. तपासणीला त्या शब्दांची गरजच नव्हती. ते त्यानं हवं तेव्हा, हवं त्याला सांगावं.

डॉक्टरकाकांऐवजी सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक निवडलं. तिथं लैंगिक आजारांवर मोफत उपचार होतात. मोबाईलवर चार वाक्यं लिहून घेतली: "माझे पुरुषांशी संबंध आहेत. शेवटचा पंचवीस दिवसांपूर्वी, निरोधाशिवाय. गुदद्वारात दुखतं, स्राव येतो. घरी कळू नये." मोठ्यानं वाचताना 'पुरुषांशी' या शब्दाला तो दरवाजाकडे बघायचा. बोलता नाही आलं तर फोन पुढे करायचा, असं ठरलं.

सज्ञान रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय वडिलांना सांगणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही. एचआयव्ही चाचणीलाही 2017च्या कायद्यानुसार संमती लागते. ही चाचणी आता आणि पुन्हा तीन महिन्यांनी करायची. संबंधानंतर 72 तासांच्या आत गेला असता तर 28 दिवसांची एचआयव्ही-प्रतिबंधक औषधं सुरू करता आली असती. ती वेळ टळली होती, याची हळहळ वाटते. आणि कुणी 'उपचारानं हे समलिंगी आकर्षण बदलेल' म्हणालं तर सरळ उठायचं: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

अशीच अडचण ट्रान्स पुरुषांची (जन्मतः मुलगी म्हणून नोंदलेल्या पुरुषांची) होते. त्यांनी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) किती आणि कधीपासून घेतो, गर्भाशय आहे की काढलंय, हे जरूर सांगावं. टेस्टोस्टेरॉननं हिमोग्लोबिन वाढतं. रिपोर्ट बाईच्या मापानं वाचला तर नसता घोर लागतो.

मुलानं शेवटी फोनच पुढे केला. डॉक्टरांनी वाचलं आणि विचारलं, "जोडीदाराला सांगता येईल? त्यालाही औषध लागेल."