साहेबाच्या घरातला माणूस शोधताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. इंग्रजी अमलातल्या गोऱ्या साहेबांच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या आया आणि बटलर यांच्यावर लिहायला घेतलंस, याचा फार आनंद झाला. पण 'नोकरांना घरच्यासारखं वागवलं जाई' हे शेवटचं वाक्य आधी खोड. तुझ्या हाताशी आहेत त्या आठवणी मालकांच्या मुलांच्या. त्या खोट्या नाहीत. 1865 साली मुंबईत जन्मलेल्या इंग्रज लेखक रडयार्ड किपलिंगने म्हातारपणी लिहून ठेवलंय, की आया वाटेवरच्या क्रुसापाशी प्रार्थना करी तेव्हा आपण शेजारी असू, आणि आईवडिलांशी इंग्रजीत बोल, हे आपल्याला बजावावं लागे. बेअरर म्हणजे घरगडी मीता, त्याचं नाव त्याने दिलं, आयेचं दिलं नाही. पाच वर्षांचं पोर इंग्लंडला गेलं. मागे त्या बाईचं काय झालं?

म्हणून कोर्टाच्या कागदांकडे वळ. आग्र्याचा फुलर खटला सावकाश वाच. 1875 मधली रविवारची सकाळ. फुलर हा वकील, कुटुंबासह चर्चला निघालेला. गाडी वेळेवर आली नाही म्हणून त्याने सईस, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या, कटवारूला मारलं, केस धरून ओढलं. कटवारू उठला, शेजारच्या आवारात गेला आणि तिथेच मेला. पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. ती आधीच वाढलेली होती, असं ठरलं. हिवतापाने पाणथरी वाढते, त्यामुळे हिवतापाच्या मुलखात हा बचाव अनेक गोऱ्यांच्या कामी आला. मॅजिस्ट्रेट लीड्सने दंड केला 30 रुपये, तो विधवेला द्यायचा. 1876 मध्ये व्हाइसरॉय लिटनने या निकालावर जाहीर ठपका ठेवला, तर इथली इंग्रजी वर्तमानपत्रं लिटनवरच तुटून पडली. त्या कल्लोळावर सविस्तर लिही. नोकरावर हात टाकणं हा घरचा मामला, सरकारने त्यात पडू नये, असं मानणारा समाज त्यात उघडा पडतो. आणि आयेच्या मांडीवर पोर निर्धास्त सोपवणारी घरं याच समाजातली.

आपल्याकडचा धागाही सोडू नकोस. साहेबाच्या स्वयंपाकघरात गोमांस शिजे, तिथे सवर्ण हिंदू सहसा पाऊल ठेवत नसत. मुंबई-पुण्यात ही कामं गोव्याचे ख्रिस्ती, मुसलमान आणि महार यांच्याकडे आली. गावाला ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या हातचं साहेब जेवत होता. याला साहेबाचे उपकार म्हणू नकोस, पण गाळूही नकोस. पुण्यात फ्रीमेसन मंडळाच्या मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढलं. महारांना सैन्यात पुन्हा घ्यावं म्हणून 1910 मध्ये थेट लंडनमधल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. तो अर्ज मिळव. चाकरी करणारा तिथे स्वतः बोलतो, आणि असे कागद फार थोडे आहेत.

लंडनमधल्या आयांचा विषय सध्या बाजूला ठेव. बोटीवर मुलं सांभाळत गेलेल्या कित्येकींना परतीची सोय न करता सोडून दिलं गेलं. त्यांच्या हॅकनीतल्या वसतिगृहावर 2022 मध्ये स्मृतिफलक लागला. तो स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे.

आता फुलर खटला आणि कांबळ्यांचा अर्ज, एवढंच घे. मसुदा झाला की पाठव.