चाळीस यार्डांवर हात का अडतो?

गोल्फ : वाचकांचे प्रश्न, प्रशिक्षकांची उत्तरे

प्रश्न : मी त्रिमूर्तीनगरला राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर गोल्फ शिकलो. सात नंबरच्या आयर्न क्लबने (गोल्फच्या लोखंडी काठीने) बॉल १३०-१४० यार्ड सरळ जातो. पण ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) चाळीस-पन्नास यार्डांवर आलं की सगळं बिघडतं. कधी क्लब बॉलच्या मागेच मातीत रुततो आणि बॉल दहा पावलांवर जाऊन थांबतो. कधी बॉल जमिनीलगत सुसाट जातो आणि ग्रीन ओलांडून झाडीत शिरतो. या छोट्या, उंच फटक्याबद्दल, म्हणजे पिचबद्दल, सोबतचे सांगतात, "पिच म्हणजे अर्धा फुल स्विंग, फक्त हळू मार." तसंच करतो, तरी जमत नाही. चुकतं कुठे?

उत्तर : तुमच्या सोबत्यांच्या सल्ल्यातच गोम आहे. हा सल्ला नागपुरातल्या प्रत्येक कोर्सवर ऐकू येतो आणि त्याने भल्याभल्यांचा शॉर्ट गेम (ग्रीनजवळचा खेळ) बिघडवला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फुल स्विंग कशासाठी असतो? वेगासाठी. वर जाताना खांदे जवळजवळ नव्वद अंश वळतात, कंबर त्याच्या निम्मी, वजन उजव्या पायावर जातं. खाली येताना आधी कंबर डावीकडे फिरते, तिच्यामागे छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लबचं डोकं. या मागे राहण्यातूनच वेग तयार होतो. आयर्न बॉलला लागतो तेव्हा हात क्लबच्या डोक्याच्या पुढे असतात, शाफ्ट (क्लबची दांडी) लक्ष्याकडे झुकलेली असते. म्हणून आधी बॉल लागतो, मग माती निघते. (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून चालले आहे.)

आता हाच क्रम चाळीस यार्डांसाठी वापरा. कंबर आधी सुटली, हात मागे राहिले, पण वेग कमी असल्याने क्लबच्या डोक्याला हातांना गाठायला वेळच मिळत नाही. शाफ्ट नको इतकी पुढे झुकते आणि वेजची (जवळच्या, उंच फटक्यांसाठीच्या क्लबची) धारदार कड, म्हणजे लीडिंग एज, फावड्यासारखी जमिनीत घुसते. हा तुमचा पहिला शॉट. दोन-तीनदा माती उकरली की मन सावध होतं आणि ऐन वेळी मनगट उडवून बॉल उचलायला जातं. मग क्लब वर येता येता बॉलच्या पोटात लागतो आणि बॉल सरपटत पळतो. हा तुमचा दुसरा शॉट. दोन्ही एकाच कारणाने होतात, त्यामुळे दोन वेगळे इलाज शोधत बसू नका.

जामठ्याला क्रिकेटचा सामना पाहिला असेल तर आठवून बघा. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक पाय रोवून, कंबर फिरवून, हात मागे ठेवून झटक्याने फेकतो. तोच खेळाडू शॉर्ट कव्हरला उभा असताना स्टंपवर खालून बॉल टाकतो, तेव्हा हात आणि छाती बरोबर पुढे जातात. तो सीमारेषेवरची फेक 'अर्धी' करत नाही, वेगळीच फेक करतो. पिचचंही तसंच आहे.

उभं राहण्यापासून सुरुवात करू. दोन टाचांत वीतभर अंतर पुरे. डावं पाऊल थोडं बाहेर उघडा. बॉल पावलांच्या मधोमध. वजन डाव्या पायावर किंचित जास्त, शंभरात पंचावन्न ते साठ, आणि बॉल लागेपर्यंत ते तिथेच राहू द्या. उजव्या पायावर जायचंच नाही. ग्रिप दोन बोटं खाली, पकड सैल. हात बॉलच्या अगदी नावापुरते पुढे. पुढे दाबलेले हात ही फुल स्विंगमधून आलेली सवय आहे आणि इथे तीच नडते.

मागे जाताना दंड बरगड्यांना टेकलेले ठेवा, छाती आणि हात एकत्र वळू द्या. खाली येताना पायांनी जोर लावू नका. क्लबचं डोकं जड आहे, ते आपल्या वजनाने पडतं, त्याला पडू द्या. छाती मात्र फिरत राहिली पाहिजे. ती थांबली की मनगटं उडतात. शेवटी पट्ट्याचं बक्कल ग्रीनकडे, सगळं वजन डाव्या पायावर, हात छातीच्या उंचीला.

वेजच्या तळाचा मागचा फुगीर भाग, ज्याला बाउन्स म्हणतात, तो गवतावरून घसरण्यासाठीच दिलेला असतो. शाफ्ट फार झुकवली नाही तरच तो जमिनीला लागतो. माझे वडील गोल्फ कोर्सवर माळी होते. खेळाडूकडे पाठ करून पाणी देत असताना ते फक्त आवाजावरून सांगायचे की पिच नीट बसला की नाही. 'धप्' आवाज आला की कड घुसली, 'सप्' आला की तळ घसरला. मी शिकवतानाही विद्यार्थ्याला आधी आवाज ऐकायला लावते. बॉल कुठे गेला ते नंतर बघू.

सरावासाठी बॉल लागतच नाही. गवतावर चुन्याची एक सरळ रेघ ओढा. रेघ दोन पावलांच्या मधोमध येईल असे उभे राहा, रेघेवरून वेज फिरवा आणि वाकून बघा. गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढे बोटभर चुरगळलं असेल तर स्विंग ठीक आहे. रेघेच्या मागे खरवडलं असेल तर वजन उजव्या पायावर गेलं होतं किंवा छाती थांबली होती. फुल स्विंगमधल्या आयर्नने हातभर माती उडाली तरी चालते. पिचमध्ये गवताचे शेंडे छाटले गेले की पुरे. पाऊल पुढे सरकवत रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. गवताच्या खुणाच तुमचा रिपोर्ट कार्ड.

राहिला अंतराचा प्रश्न. जोर कमी-जास्त करून अंतर ठरवायला गेलात तर हात कधी ऐकणार नाही. एकदा लय ठरली की तीच ठेवा आणि बॅकस्विंगची लांबी बदला. अमेरिकेचे डेव्ह पेल्झ आधी नासात काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते, पुढे शॉर्ट गेमचे नावाजलेले शिक्षक झाले. त्यांनी डाव्या हाताला घड्याळाचा काटा मानायला सांगितलं : साडेसात, नऊ आणि साडेदहा. एका वेजची ही तीन अंतरं, तीन वेज असतील तर नऊ. आपल्यासारख्यांनी एका सँड वेजची तीन अंतरं पक्की केली तरी फार झालं. मैदानावर पावलांनी अंतर मोजा, तिथे टॉवेल अंथरा आणि बॉल टॉवेलवर पडतो का ते बघा, घरंगळून कुठे जातो ते नाही.

मनगटाबद्दल मोठे खेळाडूही एकमताचे नाहीत. फिल मिकेल्सन मनगट लवकर वाकवून ते तसंच धरून ठेवायला सांगतो. स्टीव्ह स्ट्रिकर मनगटं जवळजवळ हलवतच नाही आणि वेजवरची त्याची हुकूमत सगळ्यांनी पाहिली आहे. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने स्ट्रिकरकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे. हलणारे सांधे जितके कमी, तितकी चूक कमी.

एक पथ्य. पहिले काही आठवडे पिच आणि फुल स्विंगचा सराव एकाच बैठकीत आलटून पालटून करू नका. आधी वेज, मग थोडं पाणी-विश्रांती, मग आयर्न. शरीराला दोन क्रम वेगळे ओळखू येऊ लागले की मग खुशाल मिसळा.

प्रश्न : मे महिन्यात पहाटे खेळतो, तरी माझा चांगला लागलेला पिचही ग्रीनवर थांबत नाही. पावसाळ्यात हाच बॉल पडल्याजागी रुततो. मग तंत्र बदलायचं का? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : तंत्र नका बदलू, बॉल कुठे टाकायचा ते बदला. नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा काळी माती भेगाळते आणि ग्रीनच्या कडेची जमीनही टणक होते. अशा दिवसांत ध्वजाकडे बघून मारलेला पिच पुढे पळणारच. ध्वज ग्रीनच्या पुढच्या भागात असेल तर बॉल ग्रीनच्या अलीकडे टाकून घरंगळू द्या. मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) किंवा चढ नसेल तर पिचचा हट्टच सोडा, कमी लॉफ्टच्या (तोंड कमी तिरकं असलेल्या) क्लबने चिप करा. चिपमध्ये बॉल हवेत थोडा आणि जमिनीवर जास्त असतो, पिचमध्ये उलट. उन्हाळ्यात जमीन आपल्या बाजूची असते, तिचा उपयोग करून घ्या.

पहाटे दव असेल तर आणखी एक गोष्ट घडते. ओलं गवत क्लबच्या तोंडावर येतं, खाचांना बॉल धरता येत नाही आणि फिरकी कमी होते. प्रत्येक पिचआधी वेजचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, खाचांतली माती टीने (बॉल ठेवायच्या खुंटीने) काढा.

आपल्या कोर्सवर जी हरळी पसरते, तीच जगभर बर्म्युडा म्हणून ओळखली जाते. ती एका दिशेला लोळते. बॉल गवताच्या लोळण्याविरुद्ध पडला असेल तर क्लब अडकतो, तिथे पकड जरा घट्ट आणि क्लबचं तोंड किंचित उघडं ठेवा. दिशा ओळखायची सोपी खूण : एका बाजूने बघितल्यावर गवत चकाकतं, दुसऱ्या बाजूने गडद दिसतं. चकाकतं त्या बाजूला ते तुमच्यापासून लांब लोळलेलं असतं.

पावसाळ्यातल्या रुतलेल्या बॉलसाठी नियम तुमच्या बाजूने आहे. जनरल एरियात (टी, ग्रीन, बंकर आणि पेनल्टी एरिया सोडून उरलेल्या कोर्सवर) बॉल स्वतःच्याच खड्ड्यात जमिनीच्या पातळीखाली रुतला तर नियम १६.३ नुसार दंडाशिवाय सुटका मिळते. बंकरमध्ये मात्र ती नाही. पुष्कळ जण हे माहीत नसल्याने चिखलातून मारतात आणि मनगट दुखावून घेतात.

प्रश्न : सेटमध्ये फक्त पिचिंग वेज आहे. मुलीने शाळेच्या संघात निवड झाल्यावर वेज मागितली आहे. कोणती घ्यावी? (एक आई, काटोल रोड)

उत्तर : मुलीचं अभिनंदन! बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, त्यामुळे जागेची अडचण नाही. पण दोन-तीन वेज एकदम घेऊ नका. एक सँड वेज घ्या, लॉफ्ट ५४ ते ५६ अंश. ६० अंशांची लॉब वेज दुकानदार आवर्जून दाखवेल, ती ठामपणे परत करा. तिच्यात बॉल उंच जातो, पण पुढे कमी, आणि थोडी जरी चूक झाली तरी ती मोठी दिसते.

लॉफ्टइतकाच बाउन्स बघा, तो क्लबवर अंशांत लिहिलेला असतो. आपल्या उन्हाळ्यातल्या कडक जमिनीला चार ते सहा अंशांचा कमी बाउन्स बरा, मऊ वाळू आणि पावसाळी मातीला दहाच्या वरचा. शिकणाऱ्या मुलीला मधला, आठ ते दहा, घ्या. वर्षभर एकाच क्लबवर भागतं.

या बाउन्सची गोष्ट मुलीला जरूर सांगा. अमेरिकन गोल्फर जीन सॅराझेनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निब्लिक या जुन्या, तिरक्या तोंडाच्या क्लबच्या तळाला शिसं डाखलं, तळ जाड करून वाळूतून घसरता येईल असा केला आणि तोच क्लब घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. आजची सँड वेज त्याच कल्पनेतून आली आहे.

शाफ्टची लांबी तिच्या उंचीप्रमाणे हवी. मोठ्यांची वेज कापून देऊ नका, कापली तरी तिचं डोकं मुलीला नको तितकं जडच राहतं. दुकानात तिला नेऊन हातात धरायला लावा, पाय वीतभर अंतरावर ठेवून उभी करा. तळ जमिनीवर सपाट टेकतो का ते वाकून बघा. टाच किंवा टोक उचललेलं दिसलं तर दुसरा क्लब मागा.