रिव्हॉल्व्हरची फट जितकी कमी तितका मारा जोरदार, हे खरं का?

थोडंफार खरं आहे. फट म्हणजे काडतुसं धरणारा फिरता सिलिंडर आणि बॅरल (नळी) यांच्यामधली जागा. पण ह्या फटीपायी आमच्या घरात भांडण झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, साडूही इथेच. त्यांनी ४ इंची बॅरलचं .३५७ मॅग्नम घेतलं. सिलिंडर आणि बॅरलमधली फट भरली ६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). कारखान्यातून येतात त्या बहुतेकांची ४ ते ८ थाऊ असते, म्हणजे तक्रारीला जागाच नव्हती. पण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की गोळीला ढकलणारा दारूचा गॅस फटीतून वाया जातो. लगेच गनस्मिथकडून बॅरल मागे बसवून घेतली, फट २ थाऊ. मी भोसरीच्या टूलरूममध्ये घडलेला माणूस. म्हटलं, फिरणाऱ्या भागाला क्लिअरन्स लागतो. तर सासऱ्यांसमोर म्हणाले, "लेथवाल्यांना बंदुकीतलं काय कळतं?"

मग जुलैच्या उन्हात रेंजवर गेलो. .३८ स्पेशलची साध्या शिशाची काडतुसं होती (ती .३५७ मध्येही चालतात). दुसरं खोकं संपायच्या आत सिलिंडरच्या तोंडावर काजळी आणि शिसं साचलं, त्यात तो तापून फुगलेला. ट्रिगर ओढता ओढेना. साडूंचं निदान: काडतुसं खराब. त्याच खोक्यातली काडतुसं माझ्या ७ थाऊ फटीच्या रिव्हॉल्व्हरमधून निमूट चालली. आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) माझ्याच गोळ्या किंचित जलद!

यात चमत्कार नाही. एकाच रिव्हॉल्व्हरची फट वाढवली तर वेग घटतो. दोन वेगळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र बोअर (बॅरलचं आतलं भोक) आणि चेंबर (सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक) यांच्या मापांतला फरकच फटीला भारी पडू शकतो. नेम तर फटीपेक्षा चेंबर बॅरलच्या रेषेत येतो की नाही यावर जास्त अवलंबून. शिसं बाजूला उडत असेल तर आधी तेच तपासा.

फट खरोखर बुजवायची तर १८९५ च्या रशियन 'नागां' (Nagant) रिव्हॉल्व्हरसारखं करावं लागतं: घोडा चढताना सिलिंडर पुढे सरकतो, काडतुसाचं तोंड बॅरलमध्ये शिरतं. त्याची किंमत म्हणजे भयंकर जड ट्रिगर.

म्हणून ५-६ थाऊ असेल तर हात लावू नका. १० च्या वर असेल तर कंपनीला दाखवा. मोजताना रिव्हॉल्व्हर रिकामं हवं आणि सिलिंडर मागे दाबून धरलेला. साडूंनी तो पुढे ढकलून मोजला होता की काय, ही शंका मला अजून आहे. आणि हो, फट कितीही असो, तिच्याजवळ बोट नको. मॅग्नमचा गॅस कातडी फाडतो.