मुंबई राजधानी असताना महाराष्ट्राचे हिवाळी अधिवेशन नागपूरला का भरते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. विधिमंडळ दरवर्षी डिसेंबरात नागपूरला का जाते, ही पहिली. आणि हा सारा खर्चिक सोपस्कार आहे की राज्याच्या कारभाराशी त्याचा काही संबंध आहे, ही दुसरी. पहिलीचे उत्तर एका ओळीत देता येते: २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात तसे कबूल केलेले आहे. दुसरीचे उत्तर मात्र लांबेल. मी महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झालो आणि त्या नोकरीत महाराष्ट्र हे राज्य किती ठिकाणी जोडलेले आहे, हे मला कागदोपत्री दिसत आले. अधिवेशन हे त्या करारातले सर्वांत ठळक दिसणारे कलम आहे. सर्वांत महत्त्वाचे आहे, असे मला वाटत नाही.

आजच्या महाराष्ट्राचे मराठी जिल्हे स्वातंत्र्याच्या वेळी तीन वेगवेगळ्या राजवटींखाली होते. कोकण, खानदेश आणि देशावरचे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाल्यावर पुढे मध्य प्रांत निर्माण झाला होता. १८५३ मध्येच निजामाने कर्जापोटी इंग्रजांकडे सोपवलेला वऱ्हाड १९०३ मध्ये कारभारासाठी या प्रांताला जोडण्यात आला. मराठवाड्याचे पाच जिल्हे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते आणि त्यांचे दफ्तर उर्दूत होते. जमीन एकच, पीकही बरेचसे सारखे, पण इलाख्यात रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून), नागपूरकडे मालगुजारी (सारा मालगुजारामार्फत) आणि मराठवाड्यात खालशाबरोबर, म्हणजे थेट सरकारी मुलखाबरोबर, जहागिरी, अशी सारा वसूल करण्याची रीत निरनिराळी होती. ज्या अधिकाऱ्याला इलाख्यात मामलेदार म्हणत त्याला इतर दोन्हीकडे तहसीलदार म्हणत, आणि तलाठ्याला पटवारी. पुढे तलाठी हा शब्द पश्चिमेकडून आला आणि तहसीलदार पूर्वेकडून, एवढी तडजोड तरी आपोआप झाली.

एकत्र येण्याची इच्छा तिन्हीकडे होती, पण धास्तीही होती, आणि ती नागपूरला सर्वाधिक होती. कारण नागपूर हे प्रांताच्या राजधानीचे शहर होते: तेथे विधिमंडळ होते, सचिवालय होते, १९३६ पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते. संयुक्त महाराष्ट्रात जाणे म्हणजे हे सारे मुंबईच्या स्वाधीन करणे होते. म्हणून ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार झाला, त्यात एकाच प्रांताचे दोन उपप्रांत करण्याची कल्पना होती. ती मागे पडली आणि सहा वर्षांनी नागपूर करार झाला. त्यावर यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्याबरोबर विदर्भातल्या रा. कृ. पाटील, रामराव देशमुख आदींच्या सह्या आहेत. पुढे राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांच्यासह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य निर्माण झाले. त्याच दिवशी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरचे राजधानीपण संपले.

शाळेत आपण जो इतिहास शिकतो तो बहुतेक मुंबईचा असतो: फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, १०५ हुतात्मे, चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा, संयुक्त महाराष्ट्र समिती. तो खराच आहे आणि त्याच्याविना मुंबई महाराष्ट्राला मिळाली नसती. पण १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसची दाणादाण उडवली, तेव्हा यशवंतरावांचे सरकार तरले ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर, हा भाग आपल्या सांगण्यातून सहसा गळतो. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा या दोन प्रदेशांचा हिशेब आधीच मांडलेला होता.

त्या हिशेबाचा कागद म्हणजे नागपूर करार. त्याची कलमे थोडकी आहेत. राजधानी मुंबई, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईला आणि दुसरे नागपूरला, विकासासाठी आणि कारभारासाठी महाविदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र असे तीन घटक, खर्चाची वाटणी या घटकांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, मात्र मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष, सरकारी नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशांतही लोकसंख्येप्रमाणे वाटा, आणि दरवर्षी ठरावीक काळ सरकारने नागपूरला मुक्काम हलवून विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवणे. मराठवाडा बिनशर्त सामील झाला असे अभिमानाने सांगितले जाते, ते भावनेच्या अंगाने बरोबर आहे; पण त्याच्यासाठीही एक आश्वासन लिहून ठेवलेले होते, हे विसरू नये.

यांतले न्यायालयाचे कलम सर्वांत नीट पाळले गेले. नागपूरचे उच्च न्यायालय जाऊन मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे राहिले. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ हवे ही मागणी करारात नव्हती, तरी ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले; त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली, पण सर्वोच्च न्यायालयापुढे ती टिकली नाही. कोल्हापूरला सर्किट बेंच यायला मात्र २०२५ साल उजाडले.

कायद्यांचे एकीकरण त्याहून अवघड निघाले. राज्य झाल्यावर कितीतरी वर्षे मुंबई इलाख्यात १८७९ चा जमीन महसूल कायदा, विदर्भात मध्य प्रदेशाची १९५४ ची संहिता आणि मराठवाड्यात १३१७ फसलीचा (फसली ही निजामी राजवटीतली कालगणना) हैदराबादी कायदा चालत होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आणि ती अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ रोजी. कूळकायद्याला तर तेवढेही भाग्य लाभले नाही. पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४८ चा, मराठवाड्यासाठी १९५० चा आणि विदर्भासाठी १९५८ चा, असे तीन कूळकायदे आजही पुस्तकात शेजारी शेजारी उभे आहेत. मुंबईच्या कायद्यात कृषक दिन, म्हणजे कूळ जमिनीचे मालक मानले जाण्याचा दिवस, १ एप्रिल १९५७ चा आहे, विदर्भात कुळाकडे मालकी जाण्याची तारीख १ एप्रिल १९६१ धरतात आणि मराठवाड्यात संरक्षित कुळांची नोंद वेगळीच पाहावी लागते. माझी काही वर्षे बार्शीला गेली आणि त्यानंतरची काही शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. अंतर तासाभराचे, पण बार्शीच्या शेतकऱ्याला मी ज्या कलमाने निकाल देत होतो, ते कलम पलीकडच्या गावात लागू होत नव्हते. एका भावाची जमीन शिवेच्या अलीकडे आणि दुसऱ्याची पलीकडे, असे पक्षकार समोर उभे राहत आणि दोघांना दोन कायदे का, असे विचारत. मला त्यांना १९५६ सालापासून सांगावे लागे, आणि एवढे ऐकायला कोणाला वेळ नसे.

सर्व राज्याला पहिल्यापासून एकसारखी लाभलेली व्यवस्था म्हणजे जिल्हा परिषद. वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. पंचायत राज्याविषयीच्या बलवंतराय मेहता समितीने देशाला गटपातळीवर भर देण्याचा सल्ला दिला होता. महाराष्ट्राने जिल्ह्याला प्रमुख केले, आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवले आणि जिल्हाधिकाऱ्यालाही बाजूला काढून मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद दिले. मला हा निर्णय करारापेक्षाही दूरदृष्टीचा वाटतो, कारण त्यामुळे भंडाऱ्याला आणि परभणीला मुंबईकडे न बघता शाळा, दवाखाने आणि रस्ते यांवर हुकमत असलेले पुढारी तयार झाले. त्यांतले पुष्कळसे पुढे आमदार झाल्यावर परिषदेचेच अधिकार मंत्रालयाकडे ओढू लागले, ही गोष्ट निराळी.

आता पैशाकडे येतो, कारण भांडणाचे मूळ तेथे आहे. खर्च लोकसंख्येप्रमाणे होईल, असे लिहिले होते. झाला की नाही, याचा मेळ कोणीच घालत नव्हते. तो घालण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे मोजले आणि ती तूट भरून काढायला लागणारी रक्कम ३,१८६ कोटी रुपये काढली. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत कायमचा वस्तीला आला. त्या रकमेत विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटी आणि मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी होता. उरलेले सुमारे १,१८९ कोटी ‘उर्वरित महाराष्ट्रा’चे होते, हे मात्र सभांमधून कोणी सांगत नाही. ‘उर्वरित’ हा शब्दच फसवा आहे. त्यात मुंबई, पुणे आणि साखर कारखान्यांचा पट्टा येतो, तसेच सातपुड्यातले धडगाव, अक्कलकुवा आणि पावसाळ्यानंतर कोरडा पडणारा माण तालुकाही येतो. करारातले तीन घटक राजवटींच्या जुन्या सीमांवर पाडले होते. दारिद्र्याच्या सीमा तशा नव्हत्या.

राज्यघटनेत १९५६ मध्येच ३७१ व्या अनुच्छेदाच्या रूपाने या तीन घटकांसाठी विकास मंडळांची आणि निधीच्या समन्यायी वाटपासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची तरतूद करून ठेवलेली होती. ती वापरायला १९९४ साल लागले. मंडळे झाली, राज्यपाल निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले आणि निवडून आलेल्या सरकारच्या अंदाजपत्रकात राज्यपालांचा शब्द किती चालावा, असा नवा वाद उभा राहिला. मंडळांची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी ती वाढवल्याविना संपली. दरम्यान २०१३ मध्ये विजय केळकर समितीचाही अहवाल आला. समित्यांची आपल्याकडे वाण कधी पडली नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस हे मुख्यमंत्री विदर्भाचे. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण मराठवाड्याचे. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव तर पुसदचे. मग अन्याय केला कोणी? माझ्या नोकरीतल्या अनुभवाने मला असे वाटते की मुख्यमंत्री कोठला आहे यापेक्षा निधी आल्यावर तो खर्च करणारी यंत्रणा जागेवर आहे का, हा प्रश्न मोठा असतो. गडचिरोलीत किंवा किनवटला अभियंत्याची जागा रिकामी असेल, तर मंजूर रक्कम ३१ मार्चला परत जाते. शिवाय माणसे सरकतात तसे मतदारसंघही सरकतात: २००८ च्या पुनर्रचनेत विधानसभेच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या, पण विदर्भाच्या ६६ होत्या त्या ६२ झाल्या आणि मुंबई-ठाण्याच्या वाढल्या.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. नागपूरचे पहिले अधिवेशन १९६० मध्ये भरले आणि काही वर्षे वगळता ही प्रथा चालू आहे. करारात हिवाळ्याचा उल्लेख नाही. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन तेथे भरवून पाहिले, तेव्हा विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरून कामकाज थांबवावे लागले. रामगिरी, देवगिरी, रविभवन, आमदार निवास या मंत्री-आमदारांच्या निवासस्थानांची रंगरंगोटी होते, हैदराबाद हाउसमध्ये मुख्यमंत्र्यांचे सचिवालय येते, मुंबईहून फायलींची खोकी येतात आणि पुष्कळदा दोन आठवड्यांच्या आत परत जातात. ‘सरकारने मुक्काम हलवावा’ या शब्दांचा एवढा आखूड अर्थ करार करणाऱ्यांना अभिप्रेत होता, असे मला वाटत नाही. आपला खर्चाचा मुद्दा म्हणूनच मला मान्य आहे, पण माझ्या मते उपाय मुक्काम रद्द करणे हा नसून तो लांबवणे हा आहे.

सभागृहात काय होते, यापेक्षा बाहेर काय होते ते पाहावे. त्या दिवसांत पूर्व विदर्भातल्या माणसाला मंत्रालय एका रात्रीच्या एस.टी. प्रवासावर येते. अंगणवाडी सेविका, धान उत्पादक, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक मोर्चे घेऊन येतात. पोलीस त्यांना मॉरिस कॉलेज टी-पॉइंटसारख्या ठिकाणी अडवतात, आणि मंत्री निवेदन घ्यायला येतो की नाही यावर मोर्च्याचे यश ठरते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा असाच मोर्चा विधानभवनाजवळ अडवला गेला. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, एवढी त्यांची मागणी होती. मोर्च्याला सामोरे कोणी आले नाही, संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. विकास मंडळे त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झाली होती. अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘गोंड गोवारी’ या नोंदीत गोवारी येतात की नाही, हा वाद पुढे न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येत नाहीत, असा निकाल दिला. त्यांचे स्मारक झिरो माइलच्या जवळ आहे. आपण अधिवेशनाच्या काळात नागपूरला गेलात, तर विधानभवनापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.