तेल-तूप बंद करावं की भात-पोळी? हृदयासाठी नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा: वडील ५८ वर्षांचे, मधुमेहाची गोळी चालू. डॉक्टर म्हणतात तेल-तूप बंद करा. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ म्हणतो तूप बिनधास्त खा, भात-पोळी सोडा. रिपोर्टात एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १४८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४. ऐकायचं कोणाचं?

या रिपोर्टापुरतं दोघांचंही अर्धंच. कारण वाढलेले आकडे दोन आहेत, एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड, आणि ते वेगवेगळ्या पदार्थांनी वाढतात. तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल यांतली संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं आणि तो आकडा चढतो. ट्रायग्लिसराइड मात्र मुख्यतः जास्तीचा भात, मैदा, साखर आणि दारू यांनी वाढतं, कारण यकृत त्यांचीच चरबी करून रक्तात सोडतं. म्हणजे नुसतं तेल तोडलं तर २६० जागचं हलणार नाही, आणि तुपावर जोर दिला तर १४८ आणखी वर जाईल.

अभ्यासही हेच सांगतात. स्टॅनफर्डच्या डाएटफिट्स चाचणीत (२०१८) ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बाचा (म्हणजे कमी पिष्ट-साखरेचा) आहार दिला. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बवाल्यांचं ६. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य. एलडीएल पहिल्या गटात सुधारलं, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल दुसऱ्या गटात. पण दोन्ही गटांना साखर-मैदा टाळा आणि भाज्या भरपूर खा असं बजावलं होतं. व्हिडिओवाले नेमकी हीच ओळ गाळतात. त्याआधी अमेरिकेत जवळपास ४९ हजार स्त्रियांवर सुमारे ८ वर्षं कमी चरबीचा आहार तपासला गेला (निष्कर्ष २००६), त्यात हृदयविकार लक्षणीय कमी झाला नाही. चरबीच्या जागी काय आलं, यावर सगळं ठरतं. घरोघरी तुपाच्या जागी मारी बिस्किट, खाकरा आणि चुरमुरे येतात, आणि तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसतं.

आता ताट. मध्यम पोळीत (३० ग्रॅम कणीक) सुमारे २० ग्रॅम कर्ब, वाटीभर भातात ४०. चार पोळ्या आणि वाटीभर भात म्हणजे एका जेवणात १२०. ते दोन पोळ्या आणि अर्धी वाटी भातावर आणा. मोकळ्या जागी घट्ट वरण किंवा उसळ, दोन वाट्या भाजी, कोशिंबीर. खात असतील तर मासे. ज्वारीची भाकरी 'चालते' म्हणून दोन खाऊ नका, एकीलाच ६० ग्रॅमच्या वर पीठ लागतं. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे उपवासाचा दिवस बहुधा आठवड्यातला सर्वांत जड दिवस असतो.

तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. शेंगदाणा, करडई, मोहरी अदलूनबदलून. (पाकिटावरच्या 'कोलेस्टेरॉल-फ्री'ला भुलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं.) १८०० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबी १४ ग्रॅमच्या आत ठेवायची आहे. चमचाभर तुपात ती सुमारे ३ ग्रॅम. म्हशीच्या सायीसकट पेलाभर (२५० मिली) दुधात १० च्या आसपास! तेव्हा वरणावरच्या तुपावरून भांडण्यापेक्षा दूध बदला आणि खारी, फरसाण थांबवा.

कीटोच्या (कर्ब जवळजवळ बंद करणाऱ्या आहाराच्या) वाटेला स्वतःहून जाऊ नका. गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कर्ब एकदम तोडल्यावर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर त्याहून वाईट: साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारी अवस्था) होऊ शकतो. उलट्या, धाप, पोटदुखी दिसली तर थेट दवाखाना गाठा, घरच्या ग्लुकोमीटरवरचा आकडा ठीक दिसला तरी. रक्तदाबाची गोळी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत उभं राहताना चक्करही येऊ शकते. पोळ्या वर सांगितल्याइतक्या कमी करायच्या असतील तरी डॉक्टरांना आधी कळवा, मात्रा बदलावी लागू शकते.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) दिली असेल तर ती आहाराच्या भरवशावर बंद करू नका. मधुमेह असताना एलडीएल १०० च्या आत, बऱ्याचदा ७० च्या आत आणायचं असतं, आणि १४८ वरून तिथवर नुसत्या पथ्याने क्वचितच पोचता येतं.

आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (हीच कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुन्हा करा, १० ते १२ तास उपाशीपोटी, आदल्या रात्री दारू नको. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात सहज वीसेक टक्के हलतं, म्हणून २६० चं २३० झालं तर लगेच आनंद नको. त्याऐवजी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएल आकडा पाहा. वडिलांचा आज साधारण २०० भरतो. एलडीएलचं लक्ष्य १०० धरलं तर हा १३० च्या आत हवा, ७० धरलं तर १०० च्या आत.